भिंतीपलीकडचे मैदान

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. अमिताभ बच्चन यांचा संयत अभिनय, अजय-अतुल यांचे संगीत, तीन तासांच्या जवळ जाणारी लांबी, असे काही ठरावीक विषय चघळून झाल्यावर ते लेखन थांबले. ‘सैराट’ची लोकप्रियता या चित्रपटास लाभली नाही. त्यामुळे रसिकांनीही त्याला चांगल्या हेतूने केलेल्या, परंतु फसलेल्या कलाकृतींच्या फडताळात ठेवून दिले. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो. या पानांवर आम्ही सहसा कवितेविषयी व कथेविषयी लिहितो. परंतु ‘झुंड’ ही कथा नागपूरची आहे, आणि आर्थिक विषमतेविषयी गेल्या काही वर्षांत मराठी माणसाने जे निर्माण केले त्यात तिचे स्थान मोठे आहे. म्हणून एखाद्या कादंबरीकडे पाहावे त्या गांभीर्याने तिच्याकडे पाहण्याचा आमचा मानस आहे.

कथानक थोडक्यात असे. नागपुरातील गड्डीगोदामच्या झोपडपट्टीत डॉन मसराम आणि त्याचे सोबती राहतात. मालगाडीतून कोळसा चोरणे, गळ्यातील साखळ्या हिसकावणे, गांजा ओढणे, मारामाऱ्या करणे हा त्यांचा दिनक्रम आहे. वस्तीला लागून एक श्रीमंती थाटाचे महाविद्यालय असून दोहोंमध्ये उंच भिंत आहे. निवृत्तीस आलेले क्रीडाशिक्षक विजय बोराडे एके दिवशी या मुलांना भर पावसात प्लॅस्टिकचा डबा लाथाडीत खेळताना पाहतात, आणि त्यांच्या हाती फुटबॉल देतात. यामागे सत्यकथा आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली असेच एक दृश्य पाहून झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलची चळवळ उभी केली. बेघरांसाठी २००३ पासून भरविल्या जाणाऱ्या जागतिक स्पर्धेपर्यंत या चळवळीतील खेळाडू पोहोचले.

चित्रपटाचे खरे प्रमुख पात्र डॉन नव्हे, बोराडेही नव्हेत. ते स्थान भिंतीचे आहे. ती फार बोलकी नाही. तिच्यावर काटेरी तारांचा बडेजाव दाखविलेला नाही आणि बंदूकधारी पहारेकरीही उभा केलेला नाही. ती केवळ आहे. आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी ती असणे गृहीत धरलेले आहे. विषमतेचे इतके अचूक वर्णन शब्दांतही कठीण. दारिद्र्याचे चित्रण करणारे आपले बरेचसे साहित्य अन्यायाचा क्षण शोधीत असते: सावकाराचा चाबूक, मालकाची शिवी, पाटलाची लाथ. तो क्षण सापडला की वाचकाला खलनायक मिळतो आणि वाचक मोकळा होतो. मंजुळे यांनी ती सोय ठेवलेली नाही. भिंतीपलीकडच्या महाविद्यालयातील मुले काही राक्षस नाहीत. ती मुले खेळतात, हसतात, आणि गोटा भिंतीपलीकडून आला तरच पलीकडे पाहतात.

ज्यांना नागपूर ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगणे अवश्य आहे. हे शहर वरकरणी सुखवस्तू आणि संथ वाटते. सिव्हिल लाइन्सची झाडी, सदरच्या जुन्या बंगल्यांचे व शाळांचे रस्ते, धरमपेठेतील नीटनेटकी घरे पाहून जाणारा पाहुणा संत्र्यांची परडी घेऊन समाधानाने परततो. परंतु सदर आणि गड्डीगोदाम यांमध्ये अंतर असे नाहीच. ज्या मुलाला इंग्रजी शाळेची बस घ्यायला येते आणि ज्या मुलाने शाळा सोडून दिलेली आहे, त्यांची घरे पायी चालत पाच-दहा मिनिटांच्या आत असतात. मुंबईत दरिद्री माणसाला निदान लोकलच्या गर्दीत श्रीमंताचा खांदा लागतो. नागपुरात तेही घडत नाही; येथे रस्ते रुंद आहेत.

या वस्त्या आकाशातून पडलेल्या नाहीत. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळाच्या मानाने ती आदर्श गिरणी होती. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी तेथे १८८६ सालीच सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाईही दिली जाऊ लागली. लेओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक निघाले १८९१ साली. म्हणजे ज्या न्याय्य वेतनाविषयी आमच्या गुरुकुलांतून आम्हांस लॅटिन वळणाच्या भाषेत शिकविले गेले, त्याचा थोडासा व्यवहार आमच्याच गावातील एका पारशी गृहस्थाने आधी करून पाहिला होता. गिरणीत कोष्टी होते, महार होते. हातमाग मोडलेले आणि गावकी सोडलेले असे लोक तेथे रोख पगाराचे कामगार झाले. त्या पगारावर उत्तर आणि मध्य नागपुरातील कित्येक घरांनी मुले शिकविली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेला जो समुदाय जमला त्यातही गिरणीची माणसे होती. पुढे गिरणी डबघाईस आली, शासनाच्या महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. तिच्या जागेवर आज तेच नाव मिरविणारा मॉल उभा आहे. डॉनच्या पिढीचे बाप कोठे कामाला होते हे मंजुळे सांगत नाहीत. परंतु कामाला जाण्याजोगे एक प्रवेशद्वार या शहरात होते आणि ते बंद झाले, ही गोष्ट मनात धरली म्हणजे ती मुले ‘आळशी’ व ‘वाया गेलेली’ का दिसतात याचा उलगडा होतो. चित्रपटाने ही मागची बाजू एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून जरी सूचित केली असती, तरी त्याचे वजन वाढले असते. हा आमचा पहिला आक्षेप.

येथे आम्हांला वैदर्भीय मातीतील दुसऱ्या एका कलाकृतीची आठवण होते: महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक. १९८५ साली विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी वारले आहेत, तेराव्याला गावजेवण घालण्याची ऐपत उरलेली नाही, तरी घराण्याच्या इभ्रतीसाठी ते घालायचे आहे. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. प्रभाला शिकायचे होते, शिकू दिले नाही. धाकटा चंदू घरच्या गड्याप्रमाणे राबतो. ही भिंत आतून पाहिलेली आहे. तिच्या आतली माणसेही सुखी नाहीत, तीही कोंडलेली आहेत, हे एलकुंचवारांनी ज्या करुणेने दाखविले तिला तोड नाही. परंतु त्या नाटकाच्या पात्रांची यादी एकदा वाचावी. शेत ज्यांनी कसले, ज्यांच्या श्रमांवर तो वाडा चिरेबंदी झाला, त्यांपैकी एकही माणूस रंगमंचावर येत नाही. नाटककाराचा हा दोष मानण्याचे कारण नाही. देशपांड्यांच्या नजरेला ती माणसे दिसतच नव्हती, आणि नाटक देशपांड्यांच्या नजरेशी प्रामाणिक राहिले आहे.

‘झुंड’ हे त्या वाड्याच्या बाहेर उभे राहून केलेले लेखन आहे. एक आतून, एक बाहेरून. मधली सदतीस वर्षे. विदर्भाने मराठीला भिंतीच्या दोन्ही अंगांची अशी चित्रे दिली, ही आम्हांला अभिमानाची गोष्ट वाटते. ज्यात दोन्ही बाजू समोरासमोर येतात असे लेखन मात्र आपल्याकडे आजही विरळ आहे. आणि म्हणूनच ‘झुंड’मधील सामन्याचे मोल.

त्या सामन्याआधीची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. बोराडे मुलांना उपदेश करीत नाहीत. अर्धा तास खेळा, पाचशे रुपये देतो, असे म्हणतात. मुले पैशासाठी खेळतात. असे काही दिवस जातात, मग एके दिवशी पैसे मिळत नाहीत. मुले चिडतात, पण चेंडूची चटक लागलेली असते, ती फुकट खेळू लागतात. या प्रसंगावर काही सद्गृहस्थांनी नाक मुरडलेले आम्ही ऐकले: मुलांना लाच देणे हे कसले शिक्षण? आमच्या मते या प्रसंगात दिग्दर्शकाची समज सर्वाधिक दिसते. ज्याला आयुष्यात फावला वेळ मिळालेला नाही त्याला ‘खेळासाठी खेळ’ ही कल्पनाच परकी असते. आपल्या घरातील मुलाला दोन तास मैदानावर धाडण्यासाठी आपण बूट, दूध, शिकवणी आणि एक आई असा खर्च आधीच केलेला असतो. तो आपण मोजीत नाही, इतकेच. बोराडे तो खर्च रोख मोजतात.

मग महाविद्यालयाच्या संघाशी सामना होतो. समीक्षकांना तो लांबलेला वाटला. आम्हांस तो आणखी थोडा चालला असता तरी चालले असते. वस्तीतील संघाजवळ ना एकसारखे कपडे, ना सराव. प्रारंभी ते सपाटून मार खातात, आणि त्यांच्या पायांपेक्षा त्यांच्या चेहऱ्यांवर पराभव आधी उमटतो. त्या मैदानावर ती मुले पहिल्यांदाच उजळ माथ्याने उभी आहेत. यापूर्वी ती तेथे आली असतील तर भिंतीवरून उडी मारून. हळूहळू सामना फिरतो. शेवटी वस्तीचा संघ जिंकतो, आणि तो आनंद प्रेक्षकाला खरा वाटतो, कारण विजयापूर्वी त्याने मुलांचा संकोच पाहिलेला असतो. मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट वाचकांना आठवत असेल: जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकांच्या अंगावर येतो. आठ-नऊ वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने मुलाच्या पायाशी चेंडू दिला. दगड एकच माणूस मारतो. चेंडूला दुसऱ्या बाजूनेही कोणी लागते. यात दिग्दर्शक मवाळ झाला असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मोठा आहे. वस्तीला तारणारा माणूस भिंतीच्या वरच्या बाजूने येतो. तो शिक्षित आहे, निःस्वार्थी आहे. आणि तो अमिताभ बच्चन आहे. (१९७५ च्या ‘दीवार’मध्ये याच नटाने पदपथावरील मुलाचा सूड रंगविला होता, हा योगायोग गमतीचा.) ज्या चित्रपटात नागपूरच्या रस्त्यांवरून निवडलेली अनोळखी पोरे इतका अस्सल अभिनय करतात, त्यात डोळे वारंवार त्या एका उंच, ओळखीच्या चेहऱ्याकडे वळतात. डॉनची भूमिका करणाऱ्या अंकुश गेडाम याला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो सार्थच. तरीही मुलांचे प्रश्न सुटतात ते बोराडे कोणाकडे तरी जातात म्हणून. न्यायालयातील त्यांचे भाषण मनाला भिडते. परंतु डॉन तेथे मुकाट उभा आहे. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याने बोलू नये, ही भिंतीचीच एक वीट होय. याच्या उलट, ती मुले एकामागून एक स्वतःची कहाणी सांगतात तो प्रसंग पाहावा. तेथे कॅमेरा स्थिर आहे, संगीत मागे सरलेले आहे, आणि तारणहाराला ऐकण्यावाचून काम नाही. सबंध चित्रपट त्या प्रसंगाच्या पातळीवर राहिला असता तर!

हा दोष एकट्या मंजुळे यांचा नाही. हीनदीन संघ, कनवाळू प्रशिक्षक, अवघड सामना, अखेरचा विजय, हा साचा अमेरिकन चित्रपटांनी साऱ्या जगाला दिला. त्यामागे एका समाजाची श्रद्धा आहे: जिद्द असेल तर कोणीही वर चढतो, आणि जो वर चढला नाही त्याच्यात जिद्द नव्हती. ही श्रद्धा खुद्द अमेरिकेतच आता खिळखिळी झालेली आहे. भारतात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की १९४० साली जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले पुढे आपल्या आई-वडिलांपेक्षा अधिक कमावू लागली. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण जेमतेम ५० टक्क्यांवर आले. आमच्या धर्मग्रामांतून कितीतरी कुटुंबांची मुले त्या देशात गेली आहेत. नाताळात ती परत येतात तेव्हा तेथील घरांच्या किमती, दवाखान्याची बिले आणि रस्त्यावर झोपणारी माणसे यांविषयी जे सांगतात, ते ऐकताना त्यांच्या स्वरात एक प्रकारची फसगत जाणवते. ज्या देशात भिंती नाहीत असे ऐकून ती गेली होती तेथेही वस्त्यांच्या सीमा शाळांच्या सीमा ठरवितात.

त्याच संशोधकांचे २०२२ साली, म्हणजे ‘झुंड’च्याच वर्षी, प्रसिद्ध झालेले दुसरे काम आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे. फेसबुकवरील ७ कोटी २० लाख अमेरिकनांच्या मैत्रीचा अभ्यास करून त्यांनी निष्कर्ष काढला की गरीब मुलाच्या उन्नतीशी सर्वांत घट्ट संबंध असतो तो त्याच्या परिसरातील सधन-निर्धन मैत्रीचा. सधन मुलांना मित्रांचे जे वर्तुळ लाभते तशा परिसरात गरीब मूल वाढले, तर प्रौढपणी त्याचे उत्पन्न सरासरीने २० टक्क्यांनी वाढू शकते. परंतु यातील अर्धी अडचण एकत्र न येण्याची आहे, तर अर्धी एकत्र येऊनही मैत्री न करण्याची; एकाच शाळेतही श्रीमंत श्रीमंताशीच बोलतो. आणि एक गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी: उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायांत हा दुजाभाव इतर ठिकाणांहून कमी आढळला. मात्र तेथे गरीब आणि श्रीमंत मुळात एका छताखाली येतातच कमी. ज्याची त्याची प्रार्थनामंदिरे वेगळी. हे वाचल्यावर रविवारच्या पहिल्या मिस्साला कोण येते आणि साडेआठच्या इंग्रजी मिस्साला कोण येते, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. ‘झुंड’मधील बोराडे यांचे मोठे काम प्रशिक्षणाचे नव्हे, दोन बाजूंची मुले नव्वद मिनिटे एका मैदानावर आणली, हे आहे. दुर्दैवाने सामन्यानंतर महाविद्यालयाची मुले कथेतून जवळजवळ नाहीशी होतात. त्यांच्यापैकी एखाद्याला पुढे डॉनची आठवण झाली काय? चित्रपटाला या प्रश्नात रस नाही. आम्हांला आहे.

उत्तरार्ध पसरट आहे हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यातील एक उपकथा एकटीच उत्तम लघुकथा ठरावी अशी आहे. मोनिका ही गोंड मुलगी. रिंकू राजगुरूने ती भूमिका केली आहे. परदेशी जाणाऱ्या संघात तिची निवड होते, पारपत्र हवे असते, आणि आपण आपण आहोत हे सिद्ध करणारा कागद बाप-लेकीजवळ नसतो. मग हे कार्यालय, ते कार्यालय; हा साहेब नाही, तो शिक्का नाही. बापाचा चेहरा तेवढा पाहावा. तो रागावत नाही. त्याला बहुधा वाटत असावे की चूक आपलीच आहे, आपणच नीट जन्मलो नाही. एका छोट्या मुलाने भारत म्हणजे काय असे विचारावे, हा चित्रपटातील दुसरा एक प्रसंग. तो थोडा ठरवून घातल्यासारखा वाटतो. मोनिकाच्या बापाने एक शब्दही न विचारता तोच प्रश्न अधिक खोल विचारला आहे.

येथे नागपूरचा इतिहास उपरोधाने हसतो. हे शहर वसविले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ साली. मसराम हे आडनावही गोंडांचेच. ज्यांच्या पूर्वजांनी या शहराची पायाभरणी केली त्यांच्या लेकीने ओळखीच्या दाखल्यासाठी वणवण करावी! आणखी एक. बारसे ज्या महाविद्यालयात शिकवीत होते, ते ज्यांच्या नावाने १८८३ साली स्थापन झाले ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये येथे आले. भूगर्भशास्त्राबरोबरच गोंडांची भाषा, गीते आणि चालीरीती यांचाही त्यांनी कसोशीने अभ्यास केला. त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर १८६६ साली ती टिपणे रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी एका परक्या धर्मगुरूच्या वहीत ज्या समाजाची नोंद झाली, त्याची नोंद तालुक्याच्या दप्तरात सापडू नये. मंजुळे यांना हा इतिहास ठाऊक होता की नाही, कोण जाणे. प्रसंग मात्र त्याला शोभेल असाच उतरला आहे.

भाषेविषयी दोन शब्द. चित्रपट हिंदीत का, अशी तक्रार मराठी रसिकांनी केली. परंतु गड्डीगोदामची मुले जी बोलतात ती पुस्तकी हिंदी नव्हे. ती मराठीच्या कुशीत वाढलेली नागपुरी हिंदी आहे. नागपुरात भाषेलाही मजले आहेत. वरच्या मजल्यावर इंग्रजी, मधल्यावर प्रमाण मराठी, आणि तळमजल्यावर ही मिश्र बोली. धरमपेठेतील घरात ‘बे’ म्हटल्यास मुलाचा कान पिरगाळला जातो. मंजुळे यांनी तळमजल्याची भाषा तीन तास ऐकविली आणि तिचे विनोदी पात्र केले नाही, हे मराठीवरही उपकारच म्हणायचे.

आणि आता आमच्या वाचकांना जरा टोचेल अशी गोष्ट. चित्रपटातील त्या श्रीमंती महाविद्यालयाला एका संताचे नाव आहे. दिग्दर्शकाने ते द्वेषाने दिले असे आम्ही मानीत नाही. नागपूरच्या, किंबहुना भारतातील कोणत्याही शहराच्या रहिवाशाला ‘उंच भिंतीची चांगली शाळा’ म्हटले की संताचे नावच प्रथम आठवते, म्हणून ते सहज आले. हे सहज येणे हीच टीका आहे. संस्थापकांनी या शाळा अनाथांसाठी आणि गरिबांसाठीही उघडल्या होत्या, आणि आजही अनेक ठिकाणी भगिनी गाजावाजा न करता कित्येकांची फी भरतात, हे खरे. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या, आणि पुढे अल्पसंख्य संस्था त्यातून वगळल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अनुदानित व विनाअनुदानित अशा सर्वच अल्पसंख्य शाळांना ही सूट दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये एका द्विसदस्य पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाने तपासावा असे सुचविले. अल्पसंख्यांचे घटनादत्त अधिकार ही क्षुल्लक बाब नव्हे, आणि त्यांच्या रक्षणासाठी न्यायालयात उभे राहणे आम्हांला योग्यच वाटते. परंतु कायद्याने सक्ती नाही म्हणून पंचवीस टक्क्यांचे दार आपणहून उघडू नये, असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नाही. लाजरस आणि धनवान यांच्या दाखल्यात धनवानाने त्या भिकाऱ्याला मारले किंवा हाकलले, असे कोठेही सांगितलेले नाही. तो केवळ रोज त्या दारातून ये-जा करीत असे.

चित्रपटाच्या अखेरीस डॉन विमानतळावर पोहोचतो. तपासणीच्या चौकटीतून जाताना यंत्र ओरडते. पुन्हा जातो, पुन्हा ओरडते. जन्मभर जवळ बाळगलेले पाते त्याला टाकून द्यावे लागते तेव्हा कोठे वाट मोकळी होते. हा प्रसंग दिग्दर्शकाने हसू आणि रडू यांच्या मधोमध ठेवला आहे. पाते हे त्याचे पाप होते तसेच संरक्षणही होते, आणि ते टाकणे त्याला परवडते, कारण पलीकडे विमान आहे. ज्यांना विमान नाही त्यांनी ते कशाच्या भरवशावर टाकावे? मग विमान वस्तीवरून उडते आणि कॅमेरा खाली भिंतीवर येतो. भिंत ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची सूचना तेथे लिहिलेली आहे. आम्हांला आठवणाऱ्या भारतीय चित्रपटांत इतका प्रामाणिक शेवट क्वचितच सापडेल. विजयाचा जल्लोष चालू असताना दिग्दर्शकाने हिशेबाची वही उघडली आहे.

त्या हिशेबात पुढे एक नोंद वाढली. या चित्रपटात भूमिका केलेल्या एका विशीतील तरुणाचा ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरातच खून झाला. वर्तमानपत्रांनी ती बातमी एक-दोन दिवस छापली, अमिताभ बच्चन यांच्याबरोबरची त्याची छायाचित्रे शोधून काढली, आणि विषय संपला. त्याच गड्डीगोदामवरून आता मेट्रो धावते. रेल्वे, रस्ता, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार मार्ग तेथे एकावर एक रचलेले आहेत आणि अभियंते दुरून ते पाहण्यास येतात. ती बातमी वाचल्यानंतर आम्ही चित्रपटाचा शेवटचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. विमान पूर्वीइतक्याच उंचीवरून गेले. भिंतीवरील अक्षरे मात्र या खेपेस आम्हांला त्याच्या आधी दिसली.